नववा बिघाड

मला आठवत होतं. काकांनी मला सांगितलं होतं, शेडच्या पायरीवर बसून सांगितलं होतं, आणि मी "बघतो" म्हणालो होतो. तरीही तिथल्या मालकांनी विचारलं तेव्हा मी "मला आठवत नाही" म्हणालो. हे मी आजवर कुणाला बोललेलो नाही. बायकोलाही नाही. काकांच्या गावाचं, मानवतचं, नाव निघालं की मी विषय बदलतो एवढं तिच्या लक्षात आलेलं आहे, पण तिनं कधी खोदून विचारलं नाही.

काका माझ्या नात्यातले नव्हेत. परभणीत वसमत रस्त्याला एका पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही बरोबर काम करत होतो. शेतातली मोटार मोबाईलवरून चालू-बंद करणारी पेटी तिथं बनायची. आमच्याकडं शेतीची लाईट येते कधी आणि जाते कधी याचा नेम नाही, आणि शेत गावापासून लांब. पेटीला फोन लावला की मोटार चालू, पुन्हा लावला की बंद, आणि काय झालं त्याचा मेसेज लगेच मोबाईलवर. लाईट नसली तरी पेटी आतल्या बॅटरीवर जागी असायची. लोकांचा हेलपाटा वाचायचा. लोक पेटी घ्यायचे ते त्या मेसेजच्या भरवशावर.

पेटीतला सगळा प्रोग्राम काकांनी एकट्यानं लिहिलेला होता, सी भाषेत. काका मूळचे मानवतचे, डिप्लोमा झालेले, रोज एसटीनं ये-जा करायचे. तापट माणूस. चूक दाखवली की आधी दाखवणाऱ्याला शिवी, मग गुपचूप दुरुस्ती, आणि दुरुस्ती केली हे कधी कबूल करायचं नाही. मला ते पहिल्या दिवसापासून 'इंजिनिअर' म्हणायचे, आणि त्यात कौतुक नव्हतं.

मी पुण्याहून आलो होतो. तिथली नोकरी गेली म्हणून आलो. इथं सगळ्यांना सांगितलं की आई-वडिलांकडं बघायला कुणी नाही म्हणून आलो. वय चाळिशीच्या पुढं. येताना रस्ट नावाची नवी भाषा शिकून आलो होतो आणि माझ्याजवळ दाखवण्यासारखं तेवढंच होतं. मालकांना मी पटवलं की नवी पेटी या भाषेत करू. सीमध्ये चूक झाली तर मशीन गप राहतं, शेतात गेल्यावर कळतं. ही भाषा आधीच अडवते. मालकांना हे आवडलं, कारण शेतात गेल्यावर कळणं म्हणजे त्यांच्या गाडीचं पेट्रोल.

काकांना मी हे सांगितलं तेव्हा ते तारांना सोल्डरिंगचे डाग देण्याच्या कामात होते. मान वर न करता म्हणाले, "रस्ट म्हंजे गंजच ना? पुण्याहून गंज लावायला आलास का आमच्या पेटीला?"

"तसं नाही काका. सी जुनी आहे. ही आधीच सांगते कुठं चुकलंय ते."

"माझी बायको बी मला सगळं आदीच सांगती. म्हणून काय माझ्या चुका व्हायच्या राहिल्या का?"

जुळणी करणाऱ्या बाया हसल्या. मीही हसलो. पण आत कुठंतरी ते टोचलं, हेही आज सांगून टाकतो.

मोटार सांभाळणारा भाग, म्हणजे व्होल्टेज मोजणं, फेज बघणं, करंट बघणं, हा काकांच्या सीमध्येच ठेवायचं ठरलं. तो वर्षानुवर्षं शेतात चालून सिद्ध झालेला होता, त्याला हात लावण्यात शहाणपण नव्हतं. बाकीचं, फोन घेणं आणि मेसेज पाठवणं, मी रस्टमध्ये लिहायचं आणि तिथून सीला हाक मारायची.

दोन भाषा अशा जोडायच्या म्हणजे काय करतात ते सांगायला पाहिजे, कारण जे झालं ते त्या जोडावर झालं. आपलं लिखाण मशीनला कळेल असं करून देणारा एक प्रोग्राम असतो, त्याला कंपायलर म्हणतात. रस्टचा कंपायलर फार कडक. शंका आली की पुढं जाऊच देत नाही. पण सीमधलं काम बोलवायचं असेल तेव्हा त्याला सीच्या आत डोकावता येत नाही. तिथं आपण लिहून द्यायचं असतं: या नावाचं काम आहे, त्याला अमुक द्यायचं, ते तमुक परत देतं. आणि जिथून हाक मारायची त्या ओळींवर 'असुरक्षित' अशा अर्थाचा शब्द लावावा लागतो. त्याचा अर्थ एवढाच, की तपासणी इथं संपली, इथून पुढं लिहिणाऱ्याच्या शब्दावर चाललंय. माझ्या सगळ्या प्रोग्राममध्ये अशा ओळी जेमतेम पानभर होत्या. त्या आपोआप लिहून देणारं साधन मिळतं. मी ते वापरलं नाही. पानभरासाठी कशाला, असं म्हटलं. खरं तर हातानं लिहिता येतं हे मला दाखवायचं होतं. कुणाला दाखवायचं होतं, ते माहीत नाही. त्या शेडमध्ये ते वाचू शकणारा माझ्याशिवाय कुणी नव्हता.

काकांच्या सीमध्ये एक काम होतं, मोटारीत कोणकोणते बिघाड आहेत ते एका आकड्यात सांगण्याचं. एका रांगेत लावलेले दिवे समजा. फेज गेला की पहिला पेटतो, व्होल्टेज पडलं की दुसरा, पाण्यावाचून मोटार कोरडी चालली की तिसरा. सगळे विझलेले म्हणजे बिघाड नाही. मी जोड लिहिला तेव्हा असे आठ दिवे होते. काकांनी मात्र रांगेत बत्तीस दिव्यांची जागा सोडलेली होती. मला वाटलं, आठच आहेत तर एवढी जागा कशाला अडवायची. माझ्या बाजूनं मी लिहून दिलं की हा आकडा आठ घरांचा आहे. कंपायलरनं माझा शब्द मानला. आठ दिवे नीट दिसायचे. त्यापलीकडं काही पेटलं असतं तर ते माझ्या बाजूला आलंच नसतं.

नवी पेटी बाजारात नेण्याआधी पाव्हण्याच्या शेतात बसवून बघायची, ही त्या शेडची रीत. गिऱ्हाईक भांडतं, पाव्हणा भांडत नाही. कधी मालकांच्या साडूच्या विहिरीवर, कधी माझ्या चुलत्याच्या बोअरवर. या वेळी एक पेटी काकांच्या भाच्याकडं गेली. बहिणीचं गाव येलदरीच्या बाजूला, धरणाच्या फुगवट्याला लागून थोडी जमीन, जोडीला मेंढरं. पाणी उपसायला काठावर मोटार. काका स्वतः जाऊन पेटी बसवून आले आणि येताना बहिणीनं दिलेली शेंगांची चटणी सगळ्यांना वाटली. बोटभर चटणी माझ्याही डब्याच्या झाकणावर ठेवली. "खा," म्हणाले, "गंज उतरल."

उन्हाळ्यात दुरुस्तीला येणाऱ्या जुन्या पेट्यांमध्ये काकांना एक गोष्ट दिसायला लागली. मोटारीला करंट देणारा आणि तोडणारा जो मोठा स्विच असतो, कॉन्टॅक्टर, त्याची टोकं कमी व्होल्टेजला तापून एकमेकांना चिकटत होती. मग बंद म्हटलं तरी तो सुटत नाही. काकांनी सीमध्ये त्यासाठी नवा बिघाड टाकला. चहा आला होता, आम्ही दोघं पायरीवर होतो, मी मोबाईलवर काहीतरी वाचत होतो.

"ए इंजिनिअर, नववा टाकलाय बग. कॉन्टॅक्टर चिकटला की तो पेटल. तुझ्या बाजूला बराबर यायलाय का तेवढं बगून घे."

"बघतो."

"बगतो न्हाई, बग. भाच्याच्या पेटीत हाच प्रोग्राम जायलाय."

"बघतो हो काका."

त्या दुपारी मला वेळ होता. मी बघितलं नाही. कुठलाही बिघाड दिसला की 'हात लावू नका' असा मेसेज जायची सोय आधीच होती, मला नवीन काही लिहायचं नव्हतं. आकडाच तर आहे, येईल आपोआप, असं वाटलं. आणि काकांनी सांगितलं म्हणून लगेच उठायचं, हेही नको होतं. नवा प्रोग्राम मी तसाच भाच्याच्या पेटीत पाठवून दिला.

पाणी ओसरलं तशी भाच्याला मोटार काठावरून खाली सरकवायची होती. त्यानं फोन लावून मोटार बंद केली. कॉन्टॅक्टर चिकटलेला होता, तो सुटलाच नाही. पण नेमकी त्याच वेळी लाईट गेली आणि मोटार थांबली. काकांच्या सीनं नववा दिवा बरोबर पेटवला. माझ्या बाजूला आठ घरं आली, आठही रिकामी; सगळी लाईट जाणं हा बिघाड धरलेला नव्हता. त्याच्या मोबाईलवर मेसेज आला: मोटार बंद. बिघाड नाही. तो खाली बसून मोटार आणि पंप जोडणाऱ्या कपलिंगचे बोल्ट ढिले करत होता, तेवढ्यात लाईट आली आणि मोटार फिरली. आधी फ्यूज काढायला पाहिजे होते, असं पुढं पुष्कळांनी म्हटलं. पेटी आल्यापासून त्या भागात फ्यूज कुणी काढत नव्हतं. मेसेज आला म्हणजे झालं.

उजवा हात गेला. मनगटाच्या वर कापावा लागला.

पेटी शेडमध्ये आणली त्या दिवशी काका दवाखान्यात भाच्याजवळ होते. मी ती टेबलावर जोडली. सीकडून येणारा आकडा आधी बघितला, तो बरोबर होता. मग माझी ओळ बघितली. त्याला फार वेळ लागला नाही. मी ती ओळ दुरुस्त केली, सगळ्या पेट्यांना नवा प्रोग्राम पाठवला, आणि मालकांना सांगितलं की सीच्या भागात अडचण होती, ती मी माझ्या बाजूनं झाकून घेतली. हे खोटं मला कुणी विचारण्याआधी तयार होतं.

दुसऱ्या दिवशी मालकांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. "मला कुणावर काही लोटायचं न्हाई," ते म्हणाले. "नेमकं कुणाच्या बाजूला चुकलं तेवढं सांगा."

काका म्हणाले, "माझा नववा बिघाड बराबर हाय. ह्याच्या बाजूला येत नसल. मी ह्याला सांगितलं व्हतं बगून घे म्हणून."

मालकांनी माझ्याकडं बघितलं. "तुमीच म्हणला व्हता ना, ह्या नव्या भाषेत गडबड व्हतच न्हाई?"

"त्या भाषेत तशी चूक होऊ देत नाही कंपायलर," मी म्हणालो. ते खरं होतं. फक्त ती पानभर जागा सोडून खरं होतं.

"आन् काकांनी सांगितलं व्हतं म्हणतात ते?"

"मला आठवत नाही."

काका खुर्चीतून अर्धे उठले. "पायरीवर सांगितलं की तुला. चहा पितानी. तू मोबाईल बगत व्हतास."

"नाही आठवत, काका." मी हे आवाज खाली ठेवून, अदबीनं म्हणालो. मी ओरडलो असतो तर ते माझ्याशी भांडले असते. भांडले असते तर कदाचित मी मोडलो असतो. ते माझ्याकडं बघत राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू गेला. त्या जागी जे आलं ते मी ओळखलं. ते स्वतःलाच विचारत होते, आपण खरंच सांगितलं होतं का.

"मग मीच इसरलो असल," ते म्हणाले आणि बसले. "साठीला आलोय आता." मालकांनी मग माझंच आदल्या दिवशीचं सांगणं धरलं, की अडचण सीच्या भागात होती.

संध्याकाळी मी त्यांना माझ्या गाडीवर दवाखान्यात सोडलं. मालकांनीच सांगितलं म्हणून फळांची पिशवी माझ्या हातात होती. बहीण व्हरांड्यात फरशीवर बसली होती. भाऊ आलेला बघून ती उठली नाही.

"काय निगालं?" तिनं विचारलं.

काकांनी टोपी काढून हातात घेतली. "माझ्या प्रोग्राममधी चुकलं, माय."

ती म्हणाली, "तू म्हणलास म्हणून बसवली. मालक न्हाई म्हणत व्हते, मी म्हणलं, माझ्या भावानं केलेली हाय." मालक म्हणजे तिचा नवरा. "दादा, आता माझ्या दारात येऊ नगंस. भाऊबीजंला बी न्हाई."

"बरं," काका म्हणाले.

मी तिथं दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. एवढंच म्हणायचं होतं की थांबा, माझी चूक आहे. पिशवी मी भिंतीशी ठेवली आणि पाणी आणतो म्हणून खाली उतरलो.

त्यानंतर काका बदलले. शिव्या बंद झाल्या. ते सगळं दोन-दोनदा विचारायला लागले. "मी कुलूप लावलं का ग?" असं जुळणीच्या बायांना. "हे मी तुला सांगितलं का रे?" असं मला. जेवणाच्या सुट्टीत स्वतःचा सीचा प्रोग्राम उघडून पहिल्या ओळीपासून वाचायचे. एकदा त्यांनी मला बोलावलं. "मला कुटं चुकलंय ते सापडंना गेलंय. तुझी गंज मला वाचता येत न्हाई. तू दोन्ही वाचतोस. दाखव एकदा, म्हंजे मन शांत व्हईल."

"बघून सांगतो," मी म्हणालो.

त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. विचारलं आहे की नाही, हे त्यांना आठवत होतं की नव्हतं, मला माहीत नाही. काही महिन्यांनी त्यांनी काम सोडलं. एसटीत आपला थांबा चुकायला लागला, असं कारण मालकांना सांगितलं. आता मानवतला घराच्या ओट्यावर पंखे आणि मिक्सर दुरुस्त करतात, असं ऐकतो.

मागच्या वर्षी मी भाच्याच्या गावाला गेलो. सांगायचं ठरवून गेलो होतो. एसटीत बसून वाक्यसुद्धा तयार केलं होतं. भाचा मेंढरांजवळ भेटला. जमीन बटईनं दिली, मेंढरं एका हातानं जमतात, म्हणाला. बोलका माणूस. मला बसायला घोंगडी टाकली आणि स्वतः उन्हात बसला.

"सायब, एक इचारू का? त्या पेटीत नेमकं चुकलं काय व्हतं?"

"मशीन आहे," मी म्हणालो. "होतं कधी कधी."

त्यानं मान हलवली. "म्या एक गोष्ट कुणाला सांगितली न्हाई. त्याच्या आदल्या हप्त्यात एकदा असंच झालं व्हतं. मेसेज आला बंद म्हणून, आन् मोटार चालूच. मंग म्या फ्यूज काढला, ठोकलं, झालं नीट. मामाला सांगावं का असं वाटलं. पन म्हणलं, पहिल्यांदाच मामानं आपल्यात पेटी दिली, खोट कामून काढायची. तवाच फोन केला असता तर हात ऱ्हायला असता. चूक माझी बी हाय की न्हाई?"

तो माझ्या चुकीतला वाटा स्वतःच्या अंगावर घेत होता आणि मी घोंगडीवर बसून ते ऐकून घेत होतो.

"मामा भेटतेत का तुमाला?"

"नाही."

"लय दिस झाले. आई नाव काढू देत न्हाई. रडती मातर, भाऊबीजंला."

घरी नेऊन त्यानं मला ताक पाजलं. त्याच्या आईनं तांब्या पुढं केला आणि म्हणाली, "तुमी परके असून आलात. आपलं समजून इचारपूस करता. आमच्या माणसानं तेवढंबी केलं न्हाई."

"त्यांना तुम्हीच येऊ नका म्हणालात," एवढं तरी मी म्हणायला पाहिजे होतं. मी ताक प्यायलो, तांब्या खाली ठेवला आणि परतीची गाडी चुकेल म्हणून निघालो. गाडीला अजून वेळ होता. फाट्यावर पिंपळाखाली बसून राहिलो.

हे मी लिहितोय म्हणून काही फिटलं असं नाही. हे वाचणाऱ्यांत त्या घरातलं कुणी असण्याचा संभव नाही, आणि म्हणूनच मला लिहिता आलं, हे मला कळतं. त्या बाईंच्या दारात उभं राहून मी सांगायला पाहिजे की तुमच्या मुलाचा हात तुमच्या भावाच्या चुकीनं गेला नाही, माझ्या चुकीनं गेला. भाच्याला सांगायला पाहिजे की तुझा त्यात काही दोष नव्हता. आणि मानवतला ओट्यावर जाऊन काकांना सांगायला पाहिजे की तुम्ही मला सांगितलं होतं, तुम्ही काहीही विसरला नव्हता. यातलं एकही मी अजून केलेलं नाही.